परात, ओसरी, कडा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण धक्क्यावर आलेल्या पाहुण्यांना ते कळलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. जी बाई उभ्या जन्मात घोट्याच्या वर ओली झाली नाही, ती आम्हाला सांगणार की समुद्रात कुणी कुठवर जायचं! लग्न होऊन या घरात आले तेव्हा मीसुद्धा हसले होते. पुढे हसू आपोआप आवरलं.

आमच्या बेटावर लोक येतात ते पाण्यात तोंड घालून मासे आणि प्रवाळ बघायला. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, पायांत फिन, आणि पालथं पडून तरंगायचं. याला स्नॉर्केलिंग म्हणतात. फोटोत बघितलं तर वाटतं, यात काय आहे, झोपायचंच तर आहे. पण जागा सगळ्या सारख्या नसतात. धक्क्याच्या डाव्या हाताला वाळूच्या तळाचं उथळ पाणी आहे. कंबरेच्या वर येत नाही, लाट तर जवळजवळ नाहीच. तिला आम्ही परात म्हणतो. होडीने थोडं पुढे गेलं की ओसरी. तिथे पाणी डोक्यावरून जातं, पण आम्ही दोर लावून त्याला रिकामे डबे बांधून ठेवलेत, दमलेल्याला धरायला. आणि त्याच्याही पुढे कडा. तिथे तळ एकाएकी संपतो. खाली नुसतं निळं, आणि कडेने पाण्याला एक ओढ असते, ती वरून बघणाऱ्याला दिसत नाही. कासवं तिथे, मोठे मासे तिथे, म्हणून सगळ्यांना जायचं असतं तेही तिथेच.

कुणी कुठे जायचं ते जाऊबाई ठरवतात आणि मनगटाला कापडाची पट्टी बांधतात. पांढरी परातीची, पिवळी ओसरीची, लाल कड्याची. पांढऱ्या पट्ट्या शेजारच्या लॉजच्या जुन्या चादरींतून निघाल्या, पिवळ्या माझ्या नवऱ्याच्या फाटक्या रेनकोटातून, आणि लाल धक्क्यावरच्या जुन्या धोक्याच्या निशाणातून. पांढरीवाल्याने होडीत पाय ठेवायचा नाही, कारण होडी परातीत जातच नाही. संध्याकाळी पट्ट्या गोळा करून गोड्या पाण्यात खळबळायच्या आणि दोरीवर टाकायच्या, हे काम माझं. मास्क धुणं माझं, नळ्या धुणंही माझंच. नावाला भागीदार आणि कामाला मोलकरीण, अशी माझी एकंदर पदवी आहे.

"पोहता येतं का?" हा प्रश्न जाऊबाई कधी विचारत नाहीत. त्याला एकच उत्तर मिळतं. बायको शेजारी उभी असली तर नवऱ्याला हमखास पोहता येतं. त्याऐवजी धक्क्यावर एक अर्धं कापलेलं पिंप आहे, खाऱ्या पाण्याने भरलेलं. "मास्क लावा, नळी धरा, आणि तोंड घाला पाण्यात. मी म्हणेपर्यंत वर काढू नका," एवढंच त्या सांगतात. माणूस वाकला की त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, तळवा ठेवतात. पिंपात खोली नाही, लाट नाही, मासा नाही. बुडायचं ठरवलं तरी बुडता येणार नाही. तरी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाठ सगळं बोलून जाते. एखाद्याचा श्वास वरच्या वर, खांद्यातच अडकून राहतो. एखाद्याचा आधी अडकतो आणि मग मोकळा होतो. मीही कितीतरी पाठींवर हात ठेवून बघितला. मला त्या घामेजलेल्या आहेत एवढंच कळलं.

"तुम्हाला कळतं तरी कसं हो?" मी एकदा विचारलं.

"मला भीती वाटते ना पाण्याची," त्या म्हणाल्या. "मग दुसऱ्याच्या अंगात ती असली की लगेच ओळखू येते."

यावरून रोज काही ना काही तमाशा व्हायचाच. एकदा एक दंडावर गोंदवलेला पहिलवान आला होता, स्वतःचे फिन घेऊन. त्याला मिळाली पांढरी, आणि त्याच्या काठीसारख्या वाळक्या आईला लाल. बाप रे, काय थयथयाट केला त्याने! शेवटी आई होडीत बसली आणि चिरंजीव परातीत लहान पोरांबरोबर बसले. संध्याकाळी आई कासवाच्या गोष्टी सांगत होती आणि हा फुगून केळी खात होता. दादा त्या दिवशी हसून हसून होडीत आडवे झाले होते.

दादा म्हणजे माझे थोरले दीर, जाऊबाईंचे यजमान. होडी त्यांची, आणि कडाही त्यांचाच म्हणायला हरकत नाही. पाण्यात सगळ्यांच्या पुढे ते असायचे, एक हात वर, मागचे सगळे त्या हाताकडे बघत. ओढ कुठे आहे, आज तिकडे जायचं की नाही, हे त्यांना पाण्यात उतरल्यावर पोटानेच कळायचं. जमिनीवर मात्र माणूस अगदी बावळट. घरात चष्मा शोधायचे तो कपाळावर. चहात साखर घातली का हे चहा संपल्यावर विचारायचे. जाऊबाई म्हणायच्या, "यांना अर्धा दिवस पाण्यात ठेवलं तरच उरलेला अर्धा दिवस घरात सांभाळता येतं."

पट्ट्यांचा नियम दादांनीच घातला, आणि त्याच्यामागे एक माणूस आहे. मी या घरात यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा पट्ट्या नव्हत्या, पैसे देईल तो कड्यावर जायचा. जाऊबाई धक्क्यावर पाहुण्यांना फक्त मास्क बसवून द्यायच्या. एका सकाळी मास्कचा पट्टा आवळताना त्यांचा हात एका पाहुण्याच्या पाठीला लागला. त्या दादांना बाजूला घेऊन म्हणाल्या, याला नेऊ नका. दादा म्हणाले, अगं, चांगला तगडा आहे, तलावात रोज पोहतो म्हणतोय. आणि घेऊन गेले. परत आणला तेव्हा त्याच्यावर होडीची ताडपत्री होती. धक्क्यावर त्याची बायको वाट बघत उभी होती, हातात त्याचा टॉवेल.

त्यानंतर कितीतरी दिवस होडी उलटीच पडून होती. मग दादांनी ते पिंप कापून आणलं, धक्क्यावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर जाऊबाईंना म्हणाले, "इथून पुढे तू ठरवशील. तू एकदा पट्टी बांधलीस की माझंसुद्धा चालणार नाही. मी आरडाओरडा केला तरी ऐकायचं नाही." आणि खरंच, पुढे एकदाही त्यांनी 'याला का नाही' असं विचारलं नाही. एकदा त्यांचा जिवलग मित्र आला, त्याला पांढरी मिळाली. दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला परातीत सोडून आले.

मात्र घरच्या माणसांना पिंप नाही, अशी आमच्यात रीतच पडून गेली होती. कुणी ठरवली नव्हती. दादा, माझा नवरा, आमची पोरं, सगळे इथल्या पाण्यातच वाढलेले. त्यांच्या पाठीला हात लावणं म्हणजे माशाला पोहता येतं का विचारण्यासारखं. घरच्यांच्या मनगटाला पट्टी नसायची आणि ती नसणं हीच त्यांची ऐट.

मग दादांच्या छातीत कळ आली. जेवता जेवता ताटावरून बाजूला कलंडले. बोटीने पलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, छातीत काय काय घातलं, आणि बऱ्याच दिवसांनी घरी आणलं तेव्हा शर्ट त्यांच्या अंगावर हँगरला लावल्यासारखा लोंबत होता. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू नेहमीची कामं सुरू करा. आता दादांची नेहमीची कामं म्हणजे काय, हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नव्हतं. दादांनी तर मुळीच नाही. अंगणात फेऱ्या मारायला लागले, जिना चढायला लागले. आरशासमोर उभे राहून दंड दाबून बघायचे. तोवर होडी माझा नवरा नेत होता. दादा खिडकीतून त्याला शिव्या घालत. "बघ, बघ, किती लांबून वळवतोय! बैलगाडी आहे का ती?" शिव्या ऐकून आम्हाला बरं वाटायचं. माणूस येतोय ताळ्यावर, असं वाटायचं.

एका सकाळी ते धक्क्यावर आले. अंगात जुनी पोहायची बनियन, हातात स्वतःचा मास्क. लाल पट्टीवाले पाहुणे होडीत बसायच्या तयारीत होते. माझ्या नवऱ्याने हसून बाजूला होऊन त्यांना जागा करून दिली. मी तर टाळ्यासुद्धा वाजवल्या. दादांनी होडीच्या काठावर हात ठेवला, पाय उचलला, आणि तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "थांबा. आधी पिंप."

सगळे हसलो. दादाही हसले. "अगं, मी आहे मी."

"दिसतंय मला. तोंड घाला."

पाहुण्यांना गंमत वाटली. एक बाई तर मोबाइल काढून शूटिंग करायला लागली. दादा मान हलवत आले. मास्क लावला, आम्हाला डोळा मारला, वाकले. जाऊबाईंनी तळवा ठेवला.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी जाऊबाईंच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते तोंड बघता बघता उतरलं. या पाठीवरून त्यांचा हात आयुष्यभर फिरला होता. तेल लावताना, ताप बघताना, भांडण मिटवताना. ती पाठ त्यांना नवी नव्हती, पण तिच्यात जे आता होतं ते नवं असावं. त्यांनी हात काढला. पट्ट्यांच्या डब्यात घातला. वर आली ती पांढरी.

दादा सरळ झाले, तोंडावरून पाणी निथळत होतं. पट्टीकडे बघून आधी हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे हसेनासे झाले.

"अगं..."

"तुम्हीच म्हणाला होतात," जाऊबाई म्हणाल्या. "तुम्ही ओरडलात तरी ऐकायचं नाही."

दादा ओरडले नाहीत. ओरडले असते तर किती बरं झालं असतं! त्यांनी मुकाट्याने मनगट पुढे केलं. जाऊबाईंनी गाठ मारली. मग ते मास्क काखेत मारून धक्क्यावरून घराकडे चालू लागले, आणि त्या शूटिंगवाल्या बाईने मोबाइल खाली केला. होडी गेल्यावर जाऊबाईंनी पिंपाच्या काठाला धरून आपलंच तोंड पाण्यात घातलं. मला वाटलं, उन्हाने धुतायत. बराच वेळ झाला तेव्हा कळलं, बाईने रडायला चांगली जागा शोधली होती.

दुपारी मी त्यांना सोडलं नाही. मी काही मनात ठेवणारी नव्हे. "घरात सांगता आलं नसतं? चारचौघांत कशाला? त्या परक्या बाईच्या मोबाइलात गेले ना दादा!"

"घरात मी बायको," त्या म्हणाल्या. "घरात सांगितलं असतं तर, मूर्ख आहेस, म्हणाले असते आणि गेले असते. धक्क्यावर ऐकतात."

"आणि तुमचा हात चुकला असेल तर?"

त्या भाजी निवडत राहिल्या. चांगली पानं टाकून देत होत्या आणि देठं ताटात ठेवत होत्या.

आम्हाला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. निवळलं नाही. दादा भांडले नाहीत, रुसलेही नाहीत, जेवले, झोपले, औषधं घेतली. फक्त मनगटावरची पट्टी काढली नाही. आंघोळ करताना नाही, झोपताना नाही. संध्याकाळी मी पट्ट्या दोरीवर टाकायची तेव्हा त्यांची एक नसायची आणि ते मला रोज टोचायचं. खिडकीतून शिव्या देणंही बंद झालं. माझा नवरा होडी कशीही वळवो, खिडकीतून आवाज नाही. नवऱ्याने तर एकदा मुद्दाम धक्क्याला घासून लावली. रंग निघाला, दादा काही बोलले नाहीत. तो रात्री जेवला नाही.

पट्टी बदलता येते, हे सगळ्यांना माहीत आहे. आज पांढरी मिळालेला माणूस उद्या पुन्हा पिंपाशी येतो, कितीतरी जणांना पिवळी मिळते. जाऊबाई रोज सकाळी निघताना दारात थांबायच्या. "येता का? पुन्हा बघू." ते म्हणायचे, "आज नको." त्यांचं ते 'आज नको' ऐकून जाऊबाई चपला घालायच्या आणि जायच्या. एक दिवस मला राहवलं नाही. चहा घेऊन गेले आणि कप आदळला त्यांच्यासमोर.

"दादा, जात का नाही तुम्ही? एकदा तोंड घालायचं आणि मोकळं व्हायचं. किती दिवस बसणार असे?"

आदळलेला कप त्यांनी नीट सरकवून ठेवला. मग म्हणाले, "आणि पुन्हा पांढरीच निघाली तर, धाकटे?"

माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते. त्या दिवशी मी रिकामा ट्रे घेऊन परत आले.

एकदा भल्या सकाळी, पाहुणे उठायच्या आधी, मी त्यांना परातीत बघितलं. कंबरेइतक्या पाण्यात उभे होते, मास्क कपाळावर. वाकायचे, आणि पाण्याला नाक लागायच्या आधी पुन्हा सरळ व्हायचे. जिथे आम्ही तीन वर्षांच्या पोरांना सोडतो तिथे. शेवटी मास्क हातात घेऊन, इकडेतिकडे बघत बाहेर आले. मी धावत जाऊन जाऊबाईंना सांगितलं. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशीच उभ्या होत्या.

"रोज जातात," त्या म्हणाल्या. "हळू बोल. त्यांना वाटतं मी झोपलेय."

मला त्या क्षणी जाऊबाईंचा इतका राग आला, आणि इतकी कीवही आली, की कुठलं आधी बाहेर काढावं ते कळेना. म्हणजे हात चुकला नव्हता. की त्या पट्टीनेच दादांच्या पाठीत भीती घातली? त्यांना तसंच होडीत बसू दिलं असतं तर पाण्यात पडल्या पडल्या त्यांचं पोट जागं झालं असतं? हे मी रात्रंदिवस घोकलं. उत्तर समुद्रात होतं आणि तिथे कुणी जाणार नव्हतं.

दादा गेले ते दुपारी, खुर्चीत. खिडकी उघडी होती. होडी परत येत होती तेव्हा माझ्या नवऱ्याला ते खिडकीत दिसले आणि त्याला वाटलं, आज बघतायत, म्हणून त्याने फार नीट वळवली. वर येऊन विचारणार होता, कशी वळवली म्हणून.

माणसं जमली. ओसरीवर, म्हणजे घराच्या, बसून एक जण म्हणाला, बाईचा हात खरा ठरला, पाण्यात असते तर आणखी दोघांना घेऊन गेले असते. दुसरा म्हणाला, कशाचं काय, त्या पट्टीनेच मारलं माणसाला. दोघांनाही मीच चहा देत होते. दोघांच्याही डोक्यावर ओतावा असं वाटत होतं.

आत आम्ही त्यांना धुवून कपडे घालत होतो. कुशीवर वळवलं तेव्हा जाऊबाईंचा तळवा पाठीवर, त्याच जागी गेला आणि तिथेच राहिला. मी वाट बघितली. मग शर्टाची बाही चढवताना मनगट समोर आलं. पट्टी आता पांढरी राहिली नव्हती. घामाने, साबणाने राखेच्या रंगाची झाली होती आणि गाठ दगडासारखी आवळली होती.

मला राहवलं नाही. मी उठले, डब्यातून लाल पट्टी आणली आणि कात्रीही आणली. सगळ्यांत नवी, न विटलेली लाल बघून आणली होती. "ही बांधा," म्हटलं. "आता तरी बांधा, जाऊबाई. आता कोण जातंय कड्यावर? कुणाचं काय बिघडणार आहे?"

त्यांनी लाल पट्टी हातात घेतली. मला वाटलं, बांधतील. बोटावरून तिला सरळ केलं, दादांच्या मनगटाशी नेली. मग त्यांनी ती घडी घालून माझ्या हातात परत दिली.

"नको गं," त्या म्हणाल्या. "खोटी आहे ते त्यांना कळलं असतं."

मी कात्री बाजूला ठेवली. जाऊबाईंनी बाही खाली ओढली आणि पट्टीवरून बटण लावलं.